राखीव टाकीतलं पेट्रोल

१

बोट सापडली तेव्हा ती अगदी शहाण्यासारखी उभी होती. तलावाच्या टोकाला, सांडव्याच्या अलीकडे, पाण्यावर लाकडी ओंडक्यांची साखळी बांधलेली आहे. त्या साखळीला नाक टेकवून. आत पाण्याचा थेंब नव्हता. बाकाखाली जीवरक्षक जाकीट तसंच घडी केलेलं. फक्त माणूस नव्हता.

औषधवाले दुपारी सापडले, साखळीपलीकडे, सांडव्याच्या जाळीला अडकून.

गावात त्यांना सगळे औषधवालेच म्हणत. उभं आयुष्य त्यांनी औषधांच्या दुकानात काढलं होतं आणि निवृत्तीनंतर हौसेनं ही छोटी मोटारबोट घेतली होती. रोज सकाळी तलावावर एक फेरी. पोहता बेताचंच यायचं, पण पाण्याची भीती नव्हती.

फौजदारांनी पंचनामा केला. बोटीत पेट्रोलच्या दोन सुट्या टाक्या होत्या. मुख्य टाकी कोरडी पडलेली, राखीव टाकी इंजिनाला जोडलेली आणि अर्धी भरलेली. पेट्रोल आहे, इंजिनाला कुठे धक्का नाही, म्हणजे चक्कर येऊन म्हातारा पडला असणार. कागद मिटवायचे तेवढे बाकी होते. पण औषधवाल्यांच्या बायकोनं बोट क्लबच्या व्हरांड्यात सगळ्यांदेखत एक वाक्य उच्चारलं.

"त्या मिस्त्रीनं मारलं यांना."

इंजिन आदल्याच आठवड्यात मिस्त्रीकडून सर्व्हिसिंग होऊन आलं होतं, आणि त्यावरून दोघांची खडाजंगी झाल्याचं अर्ध्या क्लबनं ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी क्लबनं मिस्त्रीचं काम थांबवलं. चार दिवसांनी जलवाहतूक खात्यानं निरीक्षकबाईंना पाठवलं.

बाई निवृत्तीला आलेल्या, अंगानं किरकोळ, बोलायला त्याहून कमी. एक प्रश्न विचारायच्या आणि गप्प बसायच्या. समोरच्याला ती शांतता सोसवत नसे. त्या आधी घरी गेल्या नाहीत, क्लबवर गेल्या नाहीत. सांडव्यावर गेल्या. तिथल्या चौकीदाराला आतापर्यंत कुणी काही विचारलंच नव्हतं.

"मी वरून बघत होतो," चौकीदार म्हणाला. "साहेब इथवर आले. एका टाकीची नळी काढली, दुसरीला लावली. नळीतला रबरी फुगा दाबला, दोर ओढला. इंजिन चालू झालं. हात केला मला त्यांनी. आणि लगेच इंजिन खोकायला लागलं. दोनदा खोकलं आणि गप्प."

"मग?"

"मग साहेब दोर ओढत राहिले. ओढत राहिले. सांडवा उघडा होता, भोंगा काही वाजला नव्हता, पाण्याला ओढ होती. मी दरवाजे खाली घ्यायला पळालो. परत बघतो तर ते साखळीला हातानं धरायला वाकले होते. त्यानंतर दिसलेच नाहीत."

म्हणजे माणूस आधी पडला नव्हता. इंजिन आधी पडलं होतं.

२

घरात तिघं होते. औषधवाल्यांची बायको, दूरच्या शहरातून धावत आलेली मुलगी, आणि औषधवाल्यांचे धाकटे भाऊ. भावांचं बाजारात चष्म्याचं दुकान. दादा गेल्यापासून दुकान बंद ठेवून ते इथेच होते. आल्यागेल्याला पाणी देणं, फोन घेणं, सगळं तेच बघत होते.

"पेट्रोल संपवून बसणारा माणूस नव्हता हा," बाईंनी न विचारताच बायको म्हणाली. "औषधाच्या बाटलीसारखं बघायचे पेट्रोलकडे. आपल्या इथल्या पंपावरचं चालायचं नाही त्यांना. पूल ओलांडून पार तिकडच्या पंपावर जायचे, बिनइथेनॉलचं मिळतं म्हणून. मी म्हणायचे, अहो, बोटीला घालताय की लेकराला पाजताय?"

"दादा इंजिनाचे फार लाड करायचा," भाऊ म्हणाले. हसायचा प्रयत्न त्यांना जमला नाही.

"शेवटचं पेट्रोल कधी आणलं होतं?"

"त्याच आठवड्यात," बायको म्हणाली. "मागच्या खोलीत कॅन आहे. मी म्हटलं, घेऊन जा बोटीवर. तर म्हणाले, राखीव टाकी कधीची भरलेली पडून आहे, आधी ती संपवू."

मुलगी इतका वेळ खिडकीजवळ उभी होती. ती वळली. "म्हणून तर म्हणते, पेट्रोल कमी पडायचा प्रश्नच नव्हता. ती राखीव टाकी मी स्वतः भरून ठेवली होती. मागच्या वेळी आले होते तेव्हा, पावसाळ्याच्या आधी. बाबांची पाठ धरली होती, म्हणून काका आणि मीच बोट घेऊन गेलो होतो. टाकी संपवली, आणि येताना काठोकाठ भरून ठेवली."

"बाई, चहा घेणार ना?" भाऊ उठले. "वहिनी, तुम्हीही घोटभर घ्या."

बाईंनी चहाला मान डोलावली. "ते सापडल्याची बातमी आली तेव्हा तुम्ही सगळे कुठे होता?"

"मी सांडव्याच्या काठावर," बायको म्हणाली. "त्यांना शोधत होते तिथे. क्लबच्या लोकांनी बोट ओढून धक्क्याला नेऊन बांधली, आणि सगळे परत काठावर आले. भावोजी घरी जाऊन चादर घेऊन आले, यांना गुंडाळायला. वाट बघितली आम्ही खूप. चादर माझ्याच मांडीवर होती. पेट्रोलचा वास मारत होती नुसती. अजून नाकातून जात नाही तो वास."

स्वयंपाकघरात कपबशी खणकली. फुटली नाही.

निघताना बाईंनी मागची खोली बघायला मागितली. कॅन कोपऱ्यात होता, झाकण घट्ट लावलेलं. त्यांनी उचलून बघितला. रिकामा होता.

३

मिस्त्री दुकानातच बसला होता, पण काम नव्हतं. ओट्यावर पाने आकारानुसार ओळीनं मांडून ठेवले होते, आणि तो ते पुन्हा मांडत होता.

"भांडण कशावरून झालं?" बाईंनी विचारलं.

"कार्बोरेटरवरून. म्हणाले, आणखी एकदा साफ कर, माझ्यादेखत. मी म्हटलं, काका, इतकं स्वच्छ आहे की त्यातून चहा प्यावा. ते म्हणाले, चहा तुला पाजतो, आधी साफ कर. आमचं असंच चालायचं. मग खरंच चहा पाजला. ते कुणी ऐकलं नाही."

"परत साफ केलं?"

"केलं. त्यांच्यासमोर."

"राखीव टाकी?"

"टाक्या माझ्याकडे आल्याच नव्हत्या. इंजिन तेवढं आलं." त्यानं ओळीतला एक पाना सरळ केला. "बाई, माझ्या काचेवर दगड मारला कुणीतरी. पोरांनी मारला असेल. पण पोरांच्या कानावर घरातून काहीतरी पडतं म्हणूनच मारतात ना?"

 बाई फौजदारांना घेऊन क्लबवर गेल्या. बोट अपघाताच्या दिवशी संध्याकाळीच सील करून शेडमध्ये ठेवलेली होती. त्यानंतर तिला कुणी हात लावलेला नव्हता. शेडमागे उतारावर हिरवंगार गवत माजलं होतं. त्यात मधोमध एक पट्टा मात्र पिवळा, होरपळल्यासारखा, वरून खाली ओघळत गेलेला. बाई त्याच्याकडे बराच वेळ बघत उभ्या राहिल्या.

आत जाऊन त्यांनी राखीव टाकीतलं थोडं पेट्रोल एका उभ्या काचेच्या नळीत घेतलं, त्यात मोजून पाणी घातलं आणि नळी हलवली.

"पेट्रोलमध्ये इथेनॉल असलं की ते पाण्याकडे धावतं," त्या फौजदारांना म्हणाल्या. "मग खालचा पाण्याचा थर वाढलेला दिसतो."

दोघं थांबले. पाणी जिथल्या तिथे होतं.

"म्हणजे पेट्रोल चांगलं," फौजदार म्हणाले. "औषधवाल्यांना पाहिजे तसलंच. मग मिस्त्रीच सापडतो की यात."

"टाकी किती भरलेली आहे?"

"अर्धी. पंचनाम्यात आहे."

"मुलगी म्हणते, तिनं काठोकाठ भरली होती. चौकीदार म्हणतो, त्याच्या डोळ्यांसमोर नळी लावली आणि लगेच इंजिन बंद पडलं." बाईंनी नळी उजेडात धरली. "मग उरलेली अर्धी टाकी प्यायलं कोण?"

४

फौजदारांनी मुलगी चुकत असेल असं म्हणून बघितलं, चौकीदार चुकत असेल असंही म्हणून बघितलं. बाईंनी दोन्ही वेळा मान हलवली आणि इंजिनाचं झाकण उघडलं.

"टाकीत काय आहे ते माणसं ठरवतात," त्या म्हणाल्या. "इंजिनानं शेवटचा घोट कसला घेतला ते इथे कळतं."

कार्बोरेटरच्या तळाशी एक छोटी वाटी असते. टाकीतून आलेलं पेट्रोल इंजिनात जाण्याआधी तिथे साठतं. वाटीच्या बुडाला एक स्क्रू. बाईंनी खाली काचेचा पेला धरून तो सैल केला. घोटभर द्रव खाली आला. पेल्यात तो स्थिरावला तेव्हा वर पिवळसर, तेलकट असा पातळ पापुद्रा होता आणि त्याखाली पाण्यासारखं काहीतरी.

"पाणी," फौजदार म्हणाले. "तलावाचं. आत शिरलं असणार."

"बोट उलटली नव्हती. आत थेंब नव्हता, तुम्हीच लिहिलंय."

बाई पेला घेऊन शेडच्या बाहेर, मोकळ्यावर गेल्या. बारीक नळीनं खालच्या थरातले काही थेंब त्यांनी एका स्टीलच्या झाकणावर टाकले, पेला लांब ठेवून दिला आणि काडी ओढली.

ज्याला फौजदार पाणी म्हणत होते ते पेटलं. ज्योत निळसर, उन्हात जेमतेम दिसणारी. विझल्यावर झाकणावर ओल तेवढी उरली.

"पाणी पेटत नाही," बाई म्हणाल्या. "हे इथेनॉल आहे, पाणी पिऊन तट्ट झालेलं. आपल्या रस्त्यावरच्या पंपांवर इथेनॉल मिसळलेलंच पेट्रोल मिळतं. गाडीला चालतं, कारण गाडीची टाकी आठवड्याभरात संपते. बोटीच्या टाकीत ते महिनोन् महिने पडून राहतं. पावसाळाभर दमट हवा, त्यात झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा राहिला असणार. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि एक दिवस दोघं मिळून पेट्रोलपासून फारकत घेतात. जड म्हणून तळाला जाऊन बसतात. इंजिनाची नळी टाकीच्या तळातूनच ओढते."

"म्हणजे राखीव टाकीत हे होतं."

"सकाळी हे होतं. संध्याकाळी सील केलीत तेव्हा दुसरं होतं." बाईंनी शेडमागच्या उताराकडे बघितलं. "औषधवाले बुडाल्यानंतर, त्यांना अजून शोधत असताना, कुणीतरी इथे आलं. टाकी गवतात रिकामी केली. आणि तिच्यात औषधवाल्यांचंच चांगलं पेट्रोल ओतलं. कॅनमध्ये होतं तेवढंच. अर्धी टाकी."

फौजदारांनी टोपी काढून हातात घेतली. "मिस्त्री," ते म्हणाले.

"मिस्त्रीनं हे केलं असतं तर त्यानं सगळ्यात आधी वाटीचा स्क्रू सैल केला असता. इंजिनाला वाटी असते हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक आहे? हे करणाऱ्याला पेट्रोल कळत होतं. इंजिन कळत नव्हतं."

५

चष्म्याच्या दुकानात दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. धाकटे भाऊ त्या दिवशी पहिल्यांदाच दुकान उघडून बसले होते. भिंतीवर अक्षरांचा तक्ता, वर मोठी अक्षरं, खाली दिसेनाशी होत जाणारी. बाई त्यांच्यासमोर गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसल्या.

"चादरीला पेट्रोलचा वास कुठून आला?" त्यांनी विचारलं.

भाऊ हातातली फ्रेम पुसत राहिले. 

"चादर बोटीवर गेलीच नव्हती," बाई शेवटी म्हणाल्या. "घरून निघाली ती वहिनींच्या मांडीवर आली. मधल्या वाटेत ती कॅनशेजारी असल्याशिवाय वास लागत नाही."

भावांनी हातातली फ्रेम खाली ठेवली. ती नीट बसेना म्हणून दोनदा ठेवली.

"काठावर कुणीतरी म्हणालं, इंजिन बंद पडलं होतं म्हणे. आणि मला एकदम आठवलं, राखीव टाकी. दादा नेहमी सांगायचा, हे पेट्रोल पडून राहिलं की नासतं. मी थट्टा करायचो. तिथे उभा असताना मला सगळं कळलं. बाई, पोरीनं भरली होती ती टाकी. तिला हे कळलं तर ती उभी राहील का परत? मी चादर आणतो म्हणून निघालो. धक्क्यावर कुणी नव्हतं."

"तिला इथल्या पंपावर कुणी नेलं?"

 रस्त्यावरून एक ट्रक गेला तेव्हा कपाटातल्या काचा थरथरल्या.

"मी," भाऊ म्हणाले. "ती म्हणत होती, बाबा पुलापलीकडून आणतात, आपण तिकडे जाऊ. मी म्हटलं, ऊन किती आहे, पेट्रोल म्हणजे पेट्रोल. दादानं विचारलं तर सांग, नाही तर राहू दे."

"मग तुम्ही टाकी तिच्यासाठी बदललीत, की तुमच्यासाठी?"

"मला वाटलं होतं, तिच्यासाठी." त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. तो काढल्यावर त्यांचा चेहरा औषधवाल्यांसारखा दिसायला लागला. "आता मला सांगता येत नाही."

"आणि मिस्त्री? त्याचं काम गेलं. काच फुटली. वहिनी त्याला खुनी म्हणाल्या, तेव्हा तुम्ही शेजारीच उभे होता."

"वाटलं, चार दिवसांत विसरतील लोक."

"लोक विसरले असते. तो विसरला असता का?"

भावांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग अगदी हळू म्हणाले, "अहवालात 'कारण अज्ञात' असं लिहिता येतं ना? मी पाया पडतो. माझं काय ते होऊ द्या, पण तिचं नाव..."

बाई उठल्या. "संध्याकाळी मी घरी येणार आहे. त्याआधी तुम्ही तिला सांगा. माझ्या तोंडून कळण्यापेक्षा ते बरं."

६

बाई घरी पोचल्या तेव्हा भाऊ पायरीवर बसले होते. आत गेलेच नव्हते. "तोंडच उघडत नाही," एवढंच म्हणाले, आणि बाईंच्या मागून आत आले.

मुलगी जेवणाच्या टेबलापाशी बसली होती. आई समोर. मुलीचे डोळे सुजलेले होते, पण आवाज ताळ्यावर होता.

"तुम्ही कॅन उचलून बघितलात ना, तेव्हापासून मी विचार करतेय," ती बाईंना म्हणाली. "त्यात पेट्रोल होतं, आई सांगतच होती. मग ते कुठे गेलं? काकांना विचारलं तर म्हणाले, सांडलं असेल. आज तुम्ही क्लबवर काहीतरी पेटवून बघितलंत, हे मघाशी शेजारच्यांनी सांगितलं. मला सरळ सांगा. मी भरलेल्या पेट्रोलनं इंजिन बंद पडलं का?"

भाऊ पुढे झाले. "अगं, मीच नेलं होतं तुला..."

"काका, मी बाईंना विचारतेय."

बाईंनी तिच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी बरेच अहवाल लिहिले होते. अहवालात कुणाच्या डोळ्यांत बघावं लागत नाही.

"हो," त्या म्हणाल्या. "इंजिन त्यानंच बंद पडलं. सांडवा उघडताना भोंगा वाजवायला हवा होता, तो वाजला नाही, हे मी लिहिणार आहे. त्यांनी जाकीट घातलेलं नव्हतं, तेही लिहिणार आहे. काकांनी नंतर टाकी बदलली, तेही. ती आता फौजदारांची बाब आहे. पण तुम्ही जे विचारलंत त्याचं उत्तर हो आहे."

आईच्या हातातला पदर तोंडाशी गेला. ती दिराकडे बघत होती, लेकीकडे बघण्याची तिची हिंमत नव्हती.

"बाबा सगळ्यांना विचारायचे," मुलगी म्हणाली. "क्लबमध्ये कुणी त्यांना पेट्रोल देऊ केलं तर आधी विचारायचे, कुठून आणलं, कधी आणलं. मिस्त्रीकाकांना विचारायचे, काकांना विचारायचे. मी सांगितलं, बाबा, राखीव टाकी भरून ठेवलीय. तर नुसते म्हणाले, वा, शहाणी ती माझी. मला नाही विचारलं त्यांनी."

 मग आई उठली. टेबलाला वळसा घालून लेकीमागे उभी राहिली, आणि लहानपणी केस विंचरायला धरायची तसं तिचं डोकं पोटाशी धरलं.

"भावोजी," ती म्हणाली, तिचा आवाज कोरडा होता, "त्या माणसाला मी खुनी म्हटलं. तुम्ही ऐकलंत. त्याच्याकडे आधी तुम्ही जा. आत्ता. आम्ही सकाळी जातो."

भाऊ गेले.

सकाळी मिस्त्रीच्या दुकानात मायलेकी आल्या तेव्हा बाईही तिथे होत्या. त्यांना त्याच्या जबाबावर सही हवी होती. आईनं मिस्त्रीसमोर हात जोडले. त्यानं ते घाईनं खाली केले.

"राहू द्या, काकू. तुमचे दीर येऊन गेले काल. मी रात्रभर हाच विचार करत होतो. काकांना एकदा म्हणायला हवं होतं मी, टाक्याही घेऊन या, बघून देतो. म्हटलं नाही. चूक माझीही आहेच त्यात."

"माझीही," आई म्हणाली. "मीच म्हणायचे त्यांना, किती लाड करता त्या इंजिनाचे. जाकिटाचं कधी म्हटलं नाही."

मुलगी दोघांचं ऐकत होती. तिनं ओट्याची कड धरली होती.

"तुम्ही सगळे थोडं थोडं वाटून घेताय," ती म्हणाली. "काल रात्री काकांनी फोन केला, तेही तेच म्हणत होते. नका घेऊ. तुम्ही सगळ्यांनी घेतलं तर माझ्याकडे काय राहील? बाबांनी मला विचारलं नव्हतं. ते माझं आहे. ते मला सांभाळू द्या."

मिस्त्रीनं वाद घातला नाही. त्यानं बाईंकडून पेन घेतलं, जबाब शेवटपर्यंत वाचला, आणि सही करून कागद मुलीच्या पुढे सरकवला, तिलाही वाचता यावा म्हणून.